कप्तानाचा शेवट

९ जानेवारी

चि. सौ. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण टाइप करायला पाठवतो आहे. आधीची प्रकरणं कुठे आहेत असं विचारू नकोस, ती अजून माझ्या डोक्यात आहेत. शेवट आधी लिहायचा आणि लिहिला की लगेच तुझ्या हवाली करायचा, ही माझी खोड तुला नवी नाही. एकदा तो तुझ्या हातात पडला की मला पळवाट राहत नाही.

या वेळी पळवाट नकोच आहे. आजवर ‘तळ्याखालची पलटण’च्या प्रत्येक भागात आपला कप्तान त्या बुडालेल्या किल्ल्यात उतरला, दंतकथेतल्या झोपलेल्या पलटणीपर्यंत पोहोचला, काळ मंदावणाऱ्या यंत्रात अडकला आणि शेवटच्या पानावर कपडे झटकत वर आला. यावर तुझ्या चिरंजीवांनी सरहद्दीवरच्या ठाण्यावरून मला काय लिहावं? लंब्या म्हणतो, मामा, तुझा कप्तान कधी मरतच नाही, इथे माझे सोबती पुस्तक वाचून हसतात. पुढे म्हणतो, एकदा तरी त्याला शिपायासारखा मरू दे, म्हणजे आम्हाला तो आमच्यातला वाटेल.

पत्र वाचून आधी मला राग आला. मग वाटलं, पोरगं खरं बोलतंय. मी दिवसभर कचेरीत बसून जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणारा माणूस, लढाई मला काय कळते! म्हणून या वेळी पलटण खरोखर जागी होते. पण तळ्याखालचं लोखंडी दार उघडं राहायला आत कुणीतरी चाक धरून उभं राहावं लागतं. कप्तान उभा राहतो. शेवटचा शिपाई वर गेला की त्याचा हात सुटतो, दार लागतं आणि पाणी आत शिरतं. लिहून झाल्यावर मी जेवलो नाही, त्यावरून तुझ्या वहिनीने मला पुष्कळ सुनावलं.

लंब्याला नेहमीप्रमाणे कार्बन प्रत पाठव. आमच्या जावईबापूंना नमस्कार. तुझी माया आहेच, तीत काटकसर करू नकोस.

तुझा
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकरण टाइप करून झालं. तुझं अक्षर माझ्याखेरीज कुणाला लागत नाही, आणि या वेळी मलाही लागता लागेना. ‘मरण’ हा शब्द तू इतका बारीक लिहिला आहेस की मला भिंग घ्यावं लागलं. एका पानावर कप्तान डाव्या हाताने चाक धरतो आणि पुढच्या पानावर उजव्या. तसंच ठेवलं आहे. तू लिहिशील ते जसंच्या तसं उतरवायचं, काना-मात्रेतसुद्धा लुडबुड करायची नाही, हा आपला पहिल्या पुस्तकापासूनचा करार. तुझं तू निस्तर.

कार्बन प्रत लंब्याला रवाना केली. मागच्या वेळी पहारा बदलण्याची तुझी पद्धत वाचून त्याने कळवलं होतं की अशाने पलटण सोडा, बाजारातली रांगसुद्धा जागेवर राहणार नाही. या वेळी चुका काढताना तो जरा हळवा होईल असं मला वाटतं. कप्तानाला तू त्याच्यासारखाच उंच केलास, भुयारात वाकून चालायला लावलंस, त्याच्यासारखीच मान चोळायला लावलीस. वाचणाऱ्याला ते कळणार नाही. टाइप करणारीला कळतं.

परवा हे मला हसत होते. लंब्याच्या खोलीचं दार मी अजून अर्धवट उघडं ठेवते म्हणून. लहानपणी ते पूर्ण लावलं की तो घर डोक्यावर घ्यायचा. मागच्या रजेत आला तेव्हा एवढा मोठा बाप्या, खांद्यावर फीत लावलेला, आणि पांघरुणात शिरून मला हाक काय मारतो, तर मातोश्री, दार! मला आई म्हणायचं त्याने शाळेत असतानाच सोडलं. आता मातोश्री. जणू मी एखादी संस्थाच आहे.

त्याचं पत्र मात्र बऱ्याच दिवसांत नाही. बर्फामुळे टपाल अडकतं म्हणतात. शेवटचं प्रकरण एवढ्यात छापखान्यात देत नाही, बाकीची प्रकरणं आली की सगळं एकदम देऊ. वहिनींना सांग, तुला उपाशी ठेवलं तर तू आणखी माणसं मारशील. आमच्यावर तुझं लक्ष आहे, ते तसंच राहो.

तुझी
टकळी


६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला सगळं सांगितलं, पण मी काय बोलले ते मला आठवत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. सकाळी दोन अधिकारी आले. मी त्यांना बसायला सांगितलं तर ते बसेनात. ते म्हणाले की लंब्याच्या ठाण्यावर हल्ला झाला, त्यानंतर ठाण्याशी संपर्क तुटला आहे, आणि तो बेपत्ता आहे. मी विचारलं, बेपत्ता म्हणजे काय. धाकट्या अधिकाऱ्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरला म्हणाला, म्हणजे शोध चालू आहे.

ह्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा रेडिओ घरी आणला आहे. जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, आता त्याच्यासमोर बसून असतात. बातम्या संपल्या की काटा फिरवतात, खरखर ऐकतात, पुन्हा फिरवतात. दोन घास खा म्हटलं तर मलाच गप्प बस म्हणतात.

दादा, एक मागते. ते प्रकरण माझ्या कपाटात आहे. येता-जाता मी त्या कपाटाला वळसा घालून जाते. तू कप्तानाला मारू नकोस. हा वेडेपणा आहे, कागदावरच्या माणसाचा माझ्या मुलाशी काही संबंध नाही, सगळं मला कळतं. पण तो उंच माणूस चाक धरून उभा आहे, आणि ते मी माझ्या बोटांनी टाइप केलं आहे. लंब्याने तुझ्याकडे काय मागितलं होतं ते मला ठाऊक आहे. त्याचं ऐकू नकोस. या वेळी माझं ऐक.

तुझ्याखेरीज कुणाकडे असं काही मागता येणार नाही.

तुझी
टकळी


१० फेब्रुवारी

चि. सौ. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

जुनं प्रकरण फाडून टाक. नवं सोबत आहे.

माझ्या लिहिण्याने तिकडे बर्फात काही घडत नाही आणि काही टळत नाही, हे आपल्या दोघांनाही कळतं. तरी जुनी पानं आठवली आणि मी लगेच नवा कागद घेतला. आता कप्तान मरत नाही. दार लागतं, पाणी चढू लागतं, पण काळ मंदावणारं यंत्र बंद पडत नाही. पाणी त्याच्या गुडघ्यापाशी थबकतं. वर पिढ्या उलटतील, खाली त्याची पापणीही लवणार नाही. तो चाक धरून उभाच राहील. जिवंत.

लिहिताना मी एकदाही अडलो नाही, यावरूनच ते किती खोटं आहे ते समज. असू दे खोटं. लंब्या परत आला की मला झोडपून काढेल आणि मी आनंदाने मार खाईन.

वहिनी शनिवारी तुझ्याकडे येते आहे. तिला नको म्हणू नकोस, ती ऐकणार नाही. मीही येतो, कचेरीतून सुटका झाली की लगेच. धीर धर असं लिहिणार होतो, पण तो कुठे मिळतो ते मलाच माहीत नाही. तुम्हा दोघांवर जीव लागून आहे.

तुझा
दादा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू आणि वहिनी येऊन गेल्यावर घर फार मोठं वाटतं. बाकीची प्रकरणं टाइप होत आली. प्रकाशकांनी नवा शेवट वाचला आणि ते खूश आहेत. म्हणाले, माणूस मेला नाही म्हणजे मालिका मेली नाही, आणखी भाग निघतील. मी मान हलवली.

मी मागितलं तेच तू दिलंस, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण एक सांगते. हल्ली सकाळी उठले की मला कप्तान आठवतो. पाणी गुडघ्यापाशी थांबलेलं, ना वर येतं, ना ओसरतं. मी चहा करते, तो उभा. मी कपडे वाळत घालते, तो उभा. अधिकाऱ्यांना फोन केला की तेच उत्तर येतं, शोध चालू आहे. असं तू कधी राहिला आहेस का रे? मी राहते आहे.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी
टकळी


२१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू स्मशानातून तसाच परस्पर गेलास, ते बरं केलंस. घरी आला असतास तर आपण तिघंही कोलमडलो असतो.

बर्फ वितळलं आणि तो सापडला. त्याच्या वरिष्ठांचं पत्र आलं आहे, दोन ओळींचं. कर्तव्य बजावताना धारातीर्थी पडला. आपला देश ऋणी आहे. बस. तो कसा पडला, किती वेळ लागला, तहान लागली होती का, जवळ कुणी होतं का, काही नाही. त्या पत्राला दोष देत नाही, ज्याने लिहिलं त्याला अशी कितीतरी लिहावी लागत असतील. पण मला दोन ओळींत मावत नाही रे.

त्याच्या सामानात आपला लिफाफा आला, न उघडलेला. कार्बन प्रत, जुन्या शेवटाची. टपाल पोहोचलं तेव्हा तो ठाण्यावर नव्हताच. त्याने मागितलेला शेवट तू लिहिलास आणि त्याला तो वाचायला मिळाला नाही.

आता नीट वाच. पुस्तक अजून छपाईला लागलेलं नाही, मी चौकशी केली. तू कप्तानाला मार. माझ्या सांगण्यावरून तू त्याला पाण्यात ताटकळत ठेवलंस. माझ्या लंब्याला निदान अग्नी मिळाला, त्या बिचाऱ्याला तोही नाही. त्याला मोकळा कर. पण पहिल्यासारखा एकटा नको आणि बुडून नको. त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असू दे. त्याचे पाय कोरडे असू देत, लहानपणापासून त्याला ओल्या मोज्यांचा तिटकारा होता. आणि नंतर त्याला कुणीतरी वर घेऊन येऊ दे. दोन ओळींत उरकू नकोस. तुला जमेल तेवढं लांब लिही. मला सगळं टाइप करायचं आहे.

प्रकाशक नाराज होतील. होऊ देत.

तुझी
टकळी


२ मे

चि. सौ. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

प्रकरण सोबत आहे. इतकं हळू मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. प्रकाशकांना कळवलं की मालिका इथे संपते. ते बरंच बोलले, मी ऐकून घेतलं.

पलटणीतला सगळ्यात म्हातारा हवालदार वर जायला नकार देतो. जखमी कप्तानाच्या हातातून चाक काढून तो ते आपल्या खांद्याने अडवून धरतो आणि कप्तानाला कोरड्या पायरीवर निजवतो. त्याचे बूट काढतो. एका हाताने त्याचा हात धरून बसतो. शेवटी चाकात आपली बंदूक अडकवून, ती मोडायच्या आत त्याला पाठीवर घेऊन वर येतो, आणि वर उजाडलेलं असतं. कप्तानाचा शेवटचा निरोप हवालदाराजवळ आहे. आईला सांगा, मी घाबरलो नाही. यापेक्षा चांगलं मला सुचलं नाही.

एक ठरवून टाकलं आहे. यानंतर मी फक्त नळांचे नकाशे काढीन. तू मात्र पत्रं लिहीत राहा, मला आता वाचायला तेवढंच उरलं आहे.

तुझा
दादा


९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकरण टाइप केलं आणि तुला न दाखवता थेट छापखान्यात दिलं. कारण मी करार मोडला आहे. रागवायचं तर रागव, पण आधी ऐकून घे.

बूट काढतात तिथे मी रडले. हात धरतात तिथे थोडा वेळ टाइपरायटर सोडून उठले, चूळ भरली आणि परत बसले. डाव्या-उजव्या हाताचा घोळ तू या वेळीही घातला आहेस. तो तसाच ठेवला. पण शेवटच्या निरोपाशी माझी बोटं अडली. दादा, तो घाबरला असेल रे. तो माझा मुलगा होता, मला माहीत आहे. घाबरला असेल आणि तरी उभा राहिला असेल. यात कमीपणा कसला? आणि तो मला आई म्हणत नव्हता.

म्हणून तुझं एक वाक्य मी काढलं आणि तिथे माझं घातलं. आता हवालदाराजवळ कप्तानाचा निरोप असा आहे: मातोश्रींना सांगा, दार जरा उघडं ठेवा. वाचणाऱ्यांना वाटेल, तळ्याखालच्या दाराबद्दल बोलतोय. वाटू दे.

रेडिओ दुकानात परत गेला. काल संध्याकाळी ह्यांनी मला विचारलं की त्या खोलीचं दार आता लावून घ्यायचं का. मी पोळ्या लाटत राहिले. मग हात पुसून बाहेर आले तर बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता आणि हे आपल्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. त्या खोलीचं दार वाऱ्याने लागू नये म्हणून त्यांनी त्याला अंगणातली वीट लावून ठेवली होती.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया होती तेवढीच असू दे, आता जास्त झेपणार नाही.

तुझी
टकळी