घरटी एक पाटी माती

आबा,

उद्या सकाळी जेसीबी येणार आहे. आपल्या मैदानावर मुरूम पडणार, रोलर फिरणार आणि गडावर येणाऱ्यांच्या गाड्या तिथं लागणार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं. आज मात्र मला काही म्हणजे काही सुचत नाही.

जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी एवढीशी होते, तरी ते दिवस डोळ्यांसमोर आहेत. लोक दारं, कौलं, अगदी चुलीचे दगडसुद्धा टेम्पोत भरतायत आणि तुम्ही दारोदार फिरून सांगताय, "मैदानाची माती घ्या, घरटी एक पाटी. पोरांना नव्या जाग्याला खेळायचंय." आई वैतागून म्हणते, "हितं भांडी ठिवायला जागा न्हाई, आन ह्यांचं मातीचं खूळ." तरी तिनंच पिठाचा डबा रिकामा करून मातीनं भरला. इथल्या खडकाळ माळावर सगळ्यांनी ती पसरली, बायकांनी शेणपाणी घालून चोपली. तेव्हापासून रीतच पडली. गावात कुणी नव्यानं राहायला आलं, की त्यानं आपल्या गावची पाटीभर माती मैदानात आणून टाकायची. नसरापूरहून आलेल्या वेल्डिंगवाल्या चाचांनी टाकली, सुनांच्या माहेरचीही आली. सुगीत तिथंच भात झोडायचं, लग्नाचे मांडव तिथंच, आणि संध्याकाळी कबड्डी. एकदा मी चपला घालून आत शिरले तर सगळ्यांदेखत ओरडलात, "ही काय वाट हाय व्हय? काढ आदी पायातलं." मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

आता रागावू नका आबा, पण चूक तुमचीच. माती आणलीत, कागद नाही आणलात. "गावाच्या मैदानाला कसला आलाय कागद?" म्हणायचात, आणि सगळ्या गावाला ते पटायचं. आता ती जागा सरकारी पड निघाली. ग्रामसभेत पार्किंगचा ठराव आला, तर ज्यांना तुम्ही कबड्डीतली चढाई शिकवली त्यांनीच हात वर केले. मी एकटी उभी राहिले. तेव्हा तुमचा तो लाडका पठ्ठ्या, आता केस पिकलेत त्याचे, खाली बघत म्हणाला, "ताई, आमच्या पोरांनी कुठवर पुण्याला हमाली करायची? गाड्या थांबल्या तर हितंच चार टपऱ्या चालतील." त्याचंही खोटं नाही, तेच तर जिवाला लागतंय. तहसीलला हेलपाटे घातले, भोरला वकील गाठला. जो तो म्हणतो, उशीर झाला बाई.

आज शाळा सुटल्यावर माझ्या संघातल्या मुली नेहमीसारख्या सरावाला आल्या. तालुक्याचे सामने तोंडावर आहेत. खेळून झाल्यावर त्यांची कॅप्टन गुडघ्याची धूळ झटकत म्हणाली, "बाई, उद्यापास्नं आमी कुठं खेळायचं?" बाकीच्या पाणी प्यायच्या थांबल्या. मी म्हटलं, "विचारून सांगते." तेवढ्यावर त्या निवांत झाल्या, हसत-खिदळत घरी गेल्या. बाईंनी शब्द दिला म्हणजे काम झालंच, असं त्यांना वाटतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मलाही ठाऊक नाही. पण मुलींना अगदीच खोटं सांगितलं असं होऊ नये, म्हणून लिहायला बसले. विचारायला तुमच्याशिवाय मला कुणीच आठवलं नाही.