एकशे शेहेचाळीसच्या वर

८ ऑक्टोबर १९८७, गुरुवार

देवरावनं आज पुन्हा तेच काढलं. माझा धाकटा दीर. तारघरातून रिटायर झाला, आता हौशी रेडिओवाला – लायसन हाये म्हणे सरकारचं. हातात मावेल असा जपानी सेट घेऊन गच्चीवर उभा राहते आणि वर्ध्याच्या कोण्या माणसाले सांगते, "इकडं ढग हायेत." त्या माणसाच्या डोक्यावर काय पत्रा हाये?

म्हणाला, "वहिनी, हा सेट एकशे चव्वेचाळीस ते शेहेचाळीस मेगाहर्ट्झ एवढंच ऐकते. कारखान्यातूनच कुलूप लावून येते. आतला एक बारका तुकडा तोडला का वरचंही ऐकू येते. वीज बोर्डाचं वायरलेस तिथंच हाये."

वीज बोर्डाचं. म्हणजे कामठीच्या सबस्टेशनचं. म्हणजे माझ्या मुकुंदचं.

मी भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

९ ऑक्टोबर

नाही म्हणलं त्याले. ज्या पोरानं बापाचा हातमाग मले न इचारता मोडून इकला, त्याचा आवाज काहून ऐकू? "या घरात पाय ठेवू नोको," म्हणलं होतं. नऊ वर्सं झाली, बराबर पाळून राहिला. लहानपणी तं एक गोष्ट ऐकत नव्हता!

दिवसभर कोणाशी बोलली नाही. दूधवाला सोडून.

११ ऑक्टोबर

केलं शेवटी. देवरावनं चार स्क्रू काढले, आत पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तुकडा मोहरीएवढा, त्याले दोन पाय – केसासारखे. म्हणलं, "सरका भाऊजी. चाळीस वर्सं रेशीम सांधलं मी." चिमटा धरला, श्वास धरला, एक पाय कापला. तुकडा दुसऱ्या पायावर उभा ठेवला.

"पुरा काढून फेका ना, वहिनी!"

"कोष्ट्याच्या घरी तुटलेलं टोक फेकत नसतात. उद्या सांधाचं झालं तं?"

मंग मले दम देते – "हे बाजूचं बटन दाबू नोका. ऐकणंच गुन्हा हाये, बोललं तं जेल."

"जेलात बोलाले बाया तं भेटतील," म्हणलं.

१२ ऑक्टोबर

नुसती खरखर.

१३ ऑक्टोबर

सव्वानऊ वाजता – "कामठी बोलतो." तोच! आवाज बापासारखा जाड झाला. कुठलेसे आकडे सांगितले, "ओव्हर" म्हणला, गेला. पुरा एक मिनिटही नाही. चहावर साय धरली होती, तशीच पिली.

१६ ऑक्टोबर

रामटेकच्या माणसानं त्याले इचारलं, "पोरगी कशी हाये गा?" म्हणे, "बरी हाये. दुसरीत गेली. लय बोलते."

मले नात हाये. हे मले हवेतून कळलं. नाव नाही सांगितलं मेल्यानं.

१७ ऑक्टोबर

आजही नाही सांगितलं.

१८ ऑक्टोबर, रविवार

दुसराच कोणी होता. त्याची सुट्टी असल. सेट बंद केला. मंग चालू केला.

१९ ऑक्टोबर

आज आकडे झाल्यावर नागपूरच्या साहेबाले म्हणला, "साहेब, दिवाळीत चार दिवस रजा पाहिजे होती. माय लय आजारी हाये जी."

मी सेटचा आवाज वाढवला.

साहेब म्हणे, "मुकुंदा, मागच्या दिवाळीलेही आजारीच होती तुझी माय. त्याच्या मागच्या दिवाळीलेही. लक्ष्मीपूजन आलं का पडते! खरंच हाये का रे तुले माय?"

मंग कोणतरी हसलं. रामटेकवाला असल.

"हाये जी," मुकुंद म्हणला.

"मंग एकदा आनून दाखव. तवाच रजा."

माझं बोट त्या बाजूच्या बटनावर गेलं होतं. उचललं. जेलाचं भेव नव्हतं – माझा खणखणीत आवाज साहेबानं ऐकला तं त्याची रजा गेली असती.

पोरगी घरी वाट पाहत असल बापाची. आणि मी इथं धडधाकट बसली! एवढ्या दिवाळ्या आजारी होती, मलेच पत्ता नाही.

२० ऑक्टोबर

कामठीची पहिली बस धरणार. देवरावची काठी मागून घेतली. खोकून पाहिलं – जमते.