कलम चार : पेट्रोलची पाईप सोडवायचं हत्यार

मी मष्णू आण्णाप्पा बिर्जे, वय ७१, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कडोली, ता. जि. बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हुशारी कधी फारशी नव्हती. अक्कल जागेवर आहे, तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

१. राहतं घर आणि सोसायटीतली ठेव मुलगी पूर्णिमा हिला.

२. शेजारच्या मारुतीरावांनी नेलेला जॅक त्यांच्याकडेच राहावा. मात्र तो आपण विकत घेतला, असं त्यांनी लोकांना सांगू नये.

३. हल्ली दुपारी डोळा लागला की मी दुरुस्त केलेल्या सगळ्या गाड्या भाताच्या शेतांवरून आवाज न करता जाताना दिसतात. एकीत माझी बायको मंगल बसलेली असते, जाऊन नऊ वर्षं झाली तरी. शेवटी पांढरी गाडी येते, न जळालेली. ती भाऊ नागेंद्र चालवतो. मी हात करतो, तो थांबत नाही. हे कुणाला देता येत नाही, तरी लिहिलं.

४. गॅरेज आणि कात्रीसारखं, गोल तोंडांचं ते हत्यार धाकटा भाऊ नागेंद्र, हल्ली मुक्काम लोंढा, याला. पाईपमधला दाब उतरावा म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, पाईप आधी आत ढकलायची, हत्यार घालायचं, मगच ओढायची. हे त्याला मीच शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी मात्र घाईत एका पांढऱ्या गाडीची पाईप मी स्क्रूड्रायव्हरनं उचकटली. पाईप धरून ठेवणारी आतली चिमटी तुटली, तशीच बसवली, कुणाला बोललो नाही. दुपारी नागेंद्रनं गाडी चालू केली, पेट्रोल गळलं आणि ती पेटली. त्याचा उजवा हात भाजला. गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो, "धाकट्यानं पाईप नीट लावली न्हाय." तो एवढंच म्हणाला, "अण्णा, पाईपला मी हातबी लावला न्हाय." त्याच आठवड्यात तो गाव सोडून गेला. मला माझ्या त्या खोटं बोलण्याची फार लाज वाटते. ~~माझ्यानंतर~~ खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की गॅरेजच्या दारात, नागेंद्रला बोलावून, गावासमोर हे कलम मोठ्यानं वाचावं.

खाडाखोडीचा खुलासा : कागद वाचून चिंतामणी वकील म्हणाले, "अण्णा, खंडेनवमी सहा दिवसांवर आलीय. तोवर तुम्ही कुठं जाताय?" म्हणून कलम ४ मधला 'माझ्यानंतर' हा शब्द मी स्वतः खोडला असून तिथं सही केली आहे. उद्या सकाळी लोंढ्याला जातो. वाचणार मी.

सही : मष्णू आण्णाप्पा बिर्जे
साक्षीदार : १. चिंतामणी देशपांडे, वकील, बेळगाव
२. जयाबाई कुट्रे, कडोली
ठिकाण : बेळगाव
तारीख : २५ सप्टेंबर २०२५