ताप माझ्या माहेरचा नव्हता

अहो,

तुम्ही लढाईवर होतात तेव्हाही पत्राच्या वर मी एवढंच लिहीत होते. आजही तेच लिहिते. नावानं हाक मारायची सवय आता कुठून आणू?

आज लिहायला मला आत्याबाईंनी बसवलंय, तुमच्या आईनं. दुपारी चावडीवरून आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सोने, लिही त्याला. म्हणावं, ह्या पोरीचं काय न्हवतं. तिच्या म्हायेरचं बी काय न्हवतं." मग चुलीपाशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या. तुम्ही गेल्यापासून त्या माझ्याशी अशा कधी बोलल्याच नव्हत्या.

तुम्हाला आठवतं ना? लढाई संपवून धडधाकट परत आलात. गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेलात आणि येताना मला माहेराहून घेऊन आलात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्हाला ताप भरला. डोकं इतकं दुखायचं की पटका आवळून बांधून बसायचात. काखेत जराशी सूज आली. सांगलीत उंदीर पडतायत अशी कुणीतरी बातमी आणलेलीच होती. गावाला तेवढं पुरलं. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आणि तो सुनंनं माहेराहून आणला!

गावकऱ्यांनी तुम्हाला माळावरच्या झोपडीत नेऊन ठेवलं. मी मागोमाग आले. मला कुणी अडवलं नाही, की कुणी बरोबरही आलं नाही.

तिथं तुम्ही एक गोष्ट केलीत, ती माझ्या मनातून कधी गेली नाही. पाणी पाजायला वाकले की तुम्ही कुडाकडं तोंड फिरवायचात. "जवळ येऊ नगंस, सोने. तुला लागंल. तू तरी ऱ्हा." तळहातांवर, तळपायांवर तांबडे ठिपके उठले होते. मला ते पुसावेसे वाटायचे, तुम्ही हात घोंगड्यात ओढून घ्यायचात. गेलात तेही तसेच, माझ्याकडं पाठ करून. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत. असं करतात का हो?

तुमच्यानंतर गावात कुणाला ताप आला नाही, उंदीरही मेला नाही. तरी माझा पाण्याचा गडवा वेगळा झाला तो झालाच. पाणवठ्यावर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. भाऊ न्यायला आला होता. मी गेले नाही. गेले असते तर गावानं जे ठरवलं होतं तेच खरं झालं असतं.

यंदा ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत मामंजींना ताप आला. तसंच डोकं, तसेच ठिपके. पाटील अंगणाबाहेरूनच म्हणाले, "म्हाताऱ्याला माळावर न्या. आत ऊन शिरायला तुमच्या घराची कौलं उतरवायची, आन गावबी हालवायचं." उभा ऊस टाकून अख्खं गाव रानात जाणार, आणि तेही आमच्यामुळं. मी गाडी जुंपायला सांगितली. म्हटलं, माळावर न्हाई, मी त्यांना कराडला दवाखान्यात नेते. वाटलं, आत्याबाई मला शिव्या देतील. त्यांनी गाडीत गवत पसरलं आणि वर आपलं लुगडं अंथरलं.

दवाखान्यात सरकारी आरोग्यखात्याचे एक डॉक्टर आलेले होते. त्यांनी मामंजींचे हात उघडून पाहिले, तळपाय पाहिले, काखा पाहिल्या. मग मला विचारलं, "घरात कुत्रं आहे का?"

माणूस तापानं फणफणतोय आणि हे कुत्र्याचं काय विचारतात?

"हाय," मी म्हटलं.

"त्याचे गोचीड कोण काढतं? हातानं काढता?"

आणि मला तुम्ही दिसलात. लाल्याचं डोकं मांडीवर घेऊन संध्याकाळी ओट्यावर बसलेले. त्याच्या कानातला एकेक गोचीड ओढायचा, अंगठ्याच्या नखावर चिरडायचा, आणि तेच हात धोतराला पुसून भाकरी मोडायची. किती वेळा सांगितलं होतं, आधी हात धुवा म्हणून. तुम्ही हसायचात. तुम्ही गेल्यावर मामंजी ते करायला लागले. तुमचं कुत्रं म्हणून त्याला ते कुणाच्या हाती देत नसत.

मामंजींचं रक्त पुण्याला गेलं. डॉक्टर म्हणाले, हा गाठीचा ताप वाटत नाही, पण खात्री करायला हवी. मग ते गावात आले. बरोबर मलकापूरचे हुसेनभाई होते, त्यांच्या खात्यातले शिपाई. पांढरं कापड गवतावरून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेले गोचीड चिमट्यानं उचलून काचेच्या नळीत भरायचे. कुत्र्यांचे वेगळे, गुरांचे वेगळे, मेंढरांचे वेगळे. उंदरांसाठी सापळे लावले ते निराळेच. बायका म्हणायच्या, सरकार आता गोचिडांची शिरगणती करतंय.

पाटील बैलांना हात लावू देईनात. हुसेनभाई म्हणाले, "पाटील, बैल आमी न्हेत न्हाई. त्याच्या अंगावरची पावणी तेवढी न्हेतो. लय दिवस ऱ्हायली हायत." पाटलांनाही हसू आलं.

पुढं ते सांगलीच्या बाजूलाही गेले, माझ्या माहेरच्या गावातसुद्धा. ते गोचीड पुण्यात खलात वाटून सशाएवढ्या जनावरांना टोचायचे आणि त्यांना ताप येतो का ते बघायचं. तोवर थांबायचं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. उंदरांत गाठीचा रोग निघाला तर? नुसत्या माझ्या माहेरच्याच गोचिडांत विष निघालं तर? मामंजी बरे होऊन गाडीतून घरी आले, आत्याबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तरी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आज डॉक्टरांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. उंदीर स्वच्छ निघाले. मामंजींचा ताप गोचिडांचा. कुत्र्यांच्या अंगावरच्या काही गोचिडांत तेच जंतू सापडले. तुमचं रक्त आता कुठून तपासणार? पण ठिपके, डोकेदुखी, लाल्या, सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, तुमचाही तोच असणार.

पाटलांनी विचारलं, "पर मुळात आला सांगलीसनंच न्हवं?"

"सांगलीकडच्या कुत्र्यांत आहे, तुमच्याही आहे," डॉक्टर म्हणाले. "तो सुनेबरोबर येत नाही."

"मग ही त्याच्या उशाशी बसून हिला कसा लागला न्हाई?"

"माणसाचा माणसाला लागतच नाही. महिनाभर बसली असती तरी लागला नसता."

मी खांबाआड उभी होते. तिथंच खाली बसले.

ऐकलंत का? लागतच नव्हता. तुम्ही मला वाचवायला तोंड फिरवलंत आणि वाचवण्यासारखं काही नव्हतंच. माझ्याकडं बघितलं असतंत तरी चाललं असतं. राग येत नाही आता. छातीवर दगड होता, तो कुणी उचलून नेल्यासारखं वाटतंय. घरी येऊन खूप रडले आणि मग आत्याबाईंनी वाढलेलं पोटभर जेवले.

काही जण लाल्याला मारायला काठ्या घेऊन आले होते. डॉक्टरांनी परतवलं. म्हणाले, कुत्री मारून रोग जात नाही. गोचीड चिमट्यानं काढून रॉकेलमध्ये टाका, नखानं चिरडू नका, हात साबणानं धुवा, भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, रानातून आलात की अंग तपासा. रॉकेल तर रेशनवर मिळतं, पण गोचिडापुरतं वाटीभर निघेल. लाल्याला साबण लावून धुतलाय, तो रुसून गोठ्यात बसलाय.

उंब्रजजवळ एका बाईला ताप आलाय आणि तिलाही गावाबाहेर काढलंय, असं हुसेनभाई सांगत होते. बायका डॉक्टरांपुढं हातपाय उघडत नाहीत, म्हणून त्यांनी मला विचारलं, येशील का? मी हो म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येते. माझं ऐकतील त्या." गाठीचा असला तर डॉक्टर तसं सांगतील, तेव्हा गावानं रानात जावं. पण बघितल्याशिवाय कुणा बाईच्या माहेरावर बोट ठेवलं, तर तिच्या बाजूनं मी उभी राहीन. हे मी तुम्हाला वचन देते.

उद्या उजाडताच निघायचं आहे. आत्याबाई आत्तापासूनच तयार होऊन बसल्यात.

तुमची,
सोना