वसंताची भरती

श्रीवर्धन, शुक्रवार, ११ जानेवारी १९६३

वसंताची फीत माझ्या कपाटात आहे आणि चावी माझ्या कमरेला. भाचा असला म्हणून काय झालं?

रेडिओवरच्या नाटकात होडी भरतीबरोबर घरी येते, म्हणून समुद्राचा आवाज टिपायला तो मुंबईहून यंत्र घेऊन आलाय. काल दुपारी टिपला. आज फितीचे तुकडे कापून असे चिकटवले की लाटेमागून लाट लगोलग यावी. "मावशी, यंत्रावरचा आवाजाचा काटा बघ कुठवर जातोय." मी डोळे मिटून ऐकलं आणि सुंदर म्हणाले. तेच डाचतंय.

तेवढ्यात हिराबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन दारात आली. ऐकून हसली. "बाई, ही तं सुकती हाय. पानी मागं चाललंय, शिंपल्या खरवडत. तुमची होडी घरी येतेय का पळून चाललीय?"

वसंता म्हणाला, "मुंबईत कुणाला कळतंय?"

"माज्या घरी रेडिओ न्हाय बाबा, कान हायेत," म्हणून ती गेली.

मी फीत कुलपात टाकली. पण राग नक्की कुणाचा? कॉन्व्हेंटात शिकले तसं पुढे तीस वर्षं फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी शिकवली. शिंपल्यांची ती खरखर कधी ऐकलीच नाही. आत्ता ओटीवर बसलेय, पाणी ओसरतंय, आणि खरखर अगदी स्वच्छ ऐकू येतेय.

हिराबाईला निरोप धाडलाय: उद्या दहाला पाणी चढू लागलं की खरी भरती टिपायला वसंता यंत्र खांद्यावर घेऊन तिच्या मागून जाईल. मीही जाणार, तोंड मिटून.