‘पाहुणी’चं आधीचं नाव

३ सप्टेंबर
माझी आत्या म्हणायची, दारातल्या अनोळखी बाईला पोराचं नाव सांगू नये. आज इंद्रलोक वसाहतीतल्या नव्या भाड्याच्या घरी सामान चढत होतं, तेव्हा शेजारणींनी ‘बेबी का नाम क्या?’ पासून शाळेपर्यंत सगळं विचारून घेतलं. आत्या आठवून हसू आलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. माझी लेक दिव्या खूश आहे. तिला खिडकी मिळाली, मला टेबल.
हरिश्चंद्र भोईरांच्या समग्र कथांचं संपादन हातात आहे. ते इथल्या जवळच्या मुर्धा गावचे, म्हणून बिऱ्हाडच इकडे आणलं. सगळ्या कथा आधी कुठे छापल्या ते सापडलं, फक्त ‘पाहुणी’चं नाही.

१० सप्टेंबर
मुर्ध्याला भोईरांच्या लेकीकडे, दुर्गाताईंकडे गेले. बांगड्याचं कालवण इतकं वाढलं की उठवेना.
‘पाहुणी’त खाजणातून, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातून, ओल्या पायांची बाई येते, दारातून पोराला हाक मारते. पोराने ओ दिली की घेऊन जाते. पुस्तकात पोराला नाव नाही. ताई म्हणाल्या, कथेचं पहिलं नाव येगलं होतं, पण ते शोधू नको संजना बाय. पोरं जगत न्हायत तं दगडू-धोंडू नाव ठेवतात, तसंच बाबांनी ह्या कथेचं बदललं. आता ती पाहुणी हाय. बसू दे त्या बाईला स्वतःलाच शोधत.
किती सुंदर. तळटीपेत घ्यायलाच हवं.

१९ सप्टेंबर
सापडली. जुने अंक जपणाऱ्या, तारोडी गावच्या गॅब्रियल अंकलनी पत्र्याच्या पेटीतून जुना दिवाळी अंक काढला. परत आणू नको म्हणाले, ही काय लायब्ररी न्हाय. कथेचं मूळ नाव ‘लवू’. आतल्या हाकांतही तेच. लवू भोईरांचा थोरला. अंक निघाला त्याच दिवाळीत गेला.
प्रकाशकाला, निकेतला, मेल केला. मूळ नावानेच छापू.

२४ सप्टेंबर
दुपारी कुणीतरी बेल न वाजवता दार ठोठावलं. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत चिखल. लवू हाय का, म्हणाली. मला वाटलं, कोळीण घर चुकली. म्हटलं, लवू कुणी नाही हो इथे, माझी दिव्याच आहे. ती हसली.
जिन्यावर चिखलाचा ठिपकाही नव्हता. उंबऱ्याशी ओल होती. वाळल्यावर पांढरं मीठ राहिलं.

२६ सप्टेंबर
मुद्रितं आली. कथेचं नाव ‘दिव्या’.
निकेत म्हणाला, मॅडम, तुम्हीच तर पाठवलंत. मेल पाहिला. तसंच आहे. मग अंक उघडला. पिवळं पान, जुनीच शाई, ‘दिव्या’. आत प्रत्येक हाकेत —

२७ सप्टेंबर
निकेतला म्हटलं, ‘पाहुणी’ कर. केलं म्हणाला. मुद्रित आलं, पुन्हा ‘दिव्या’.
दुर्गाताईंना फोन केला. त्यांनी विचारलं, दारात काय बोललीस? सांगितलं. म्हणाल्या, बाबांनीबी लई नावं बदलून पाहिली. लवू गेला, तवाच बदललेलं नाव टिकलं.

२८ सप्टेंबर
दिव्याला ताप आहे. झोपेत म्हणते, ओ— मी तिच्या तोंडावर हात ठेवते.
बाहेरून हाक येते. मऊ. आवाज माझ्यासारखा —

२९ सप्टेंबर
मीठ दाराच्या आत आलंय.
अंकातलं नाव खोडून माझं लिहिलं. शाई टिकत नाही. पुन्हा लिहिलं —
ती दाराशी आहे. दिव्या उठून बसलीय.
बाई, मीही कुणाचं तरी पोर आहे. तिला नको, मला हाक मार. एकदाच. तू ऐकणार नाहीस, ठाऊक आहे, तरी — माझं नाव सं