नवरदेवाची बाराबंदी

चौसाळा,
२० एप्रिल १९९७

प्रिय रुद्राणी,

'प्रिय' एवढं लिहून मी उठलो आणि अंगणात दोन चकरा मारून आलो. तीन वर्षांनी अप्पांचं अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई गच्चीवर कुरडया वाळत घालते आहे आणि कावळे हाकलायला मला वर बोलावते आहे. मी ऐकू न आल्यासारखं करून पुढच्या खोलीत चिंध्यांच्या ढिगात बसलो आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. शाळेत होतो तेव्हा निदान तासाची घंटा व्हायची आणि चित्रकलेच्या मास्तरला हातातला खडू खाली ठेवावा लागायचा. आता घंटाच नाही. सकाळी एक काम हातात घेतो, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं, आणि कशावर पाय पडू नये म्हणून तुझी आई भिंतीला धरून चालते. या सैरभैरपणाचा आणि तुझ्या जाण्याचा काही संबंध नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

निळ्या पुठ्ठ्याची ती वही अजून आहे. एकेका पानावर एकेक काम आणि समोर ते किती आणे झालं ते. पहिली पानं तुझ्या अक्षरात आहेत. मी बारा आणे म्हटलं की तू नाक मुरडून दहा लिहायचीस, आणि अप्पांच्या वहीत सोळा आणे हा आकडाच नाही, असं आल्यागेल्याला सांगायचीस. तर आजची स्थिती ऐक. काडेपेटीच्या काड्यांचं धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ, सहा आणे. उंदरानं मंडपाचा कोपरा नेला, नाहीतर आठ झाले असते. शाळेच्या अडगळीतून आणलेला बुलबुलतरंग, चौदा आणे. तारा सगळ्या बसल्या, पण दोन बटणं एकदा दाबली की वर यायचं नाव घेत नाहीत. तुझ्या आईसाठी शिवणाची पेटी, चार आणे, आणि तिच्या मते तेही जास्तच. आणि आता सगळ्यात मोठं काम, बसवण्णांच्या वेळच्या शरण-संतांचे पोशाख. त्याचे आणे मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडले आहेत.

झालं असं की यंदा बसव जयंतीची मिरवणूक दणक्यात काढायची असं ठरलं. समितीचा अध्यक्ष आपला राजेश्वर, कापड दुकानवाला. त्यानं सोलापूरच्या कुठल्याशा ड्रेसवाल्याकडून भाड्यानं पोशाख आणायचं पक्कं करत आणलं होतं. मखमल, जरीची झालर, मोत्यांच्या माळा! बसवण्णा, अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी यांच्या काळात, म्हणजे आठशे वर्षांपूर्वी, कुणी नायलॉनची झालर लावत होतं का, म्हणून मी बैठकीत इतका तणतणलो की शेवटी राजेश्वर म्हणाला, "गुरुजी, मंग तुमीच शिवा की. कापड माझं, डोकं तुमचं." झालं! दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन एसटीनं धर्मापुरीला. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींचे सगळे नेसूचे सोगे, उपरणी, कमरपट्टे वहीत चितारून घेतले. मागच्या बाजूला झिजलेला एक माणूस आहे, त्याच्या अंगात मला बंद बांधलेली बंडी दिसते. पुजाऱ्याला ती दिसत नाही. मी त्याला तासभर समजावलं, तेव्हा तो दिसते म्हणाला, पण बहुतेक त्याला दार लावून जेवायला जायचं होतं.

म्हाताऱ्यांना धोतर-उपरणं आणि तरुणांना बाराबंदी असं मी ठरवलं. बारा बंदांची ती पांढरी लांब बाह्यांची बंडी बाराव्या शतकातली आहे असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, पण आपल्या लोकांच्या अंगावर ती पिढ्यान् पिढ्या आहे, आणि मखमलीपेक्षा शंभरपट बरी. बेतायचं मी, मशीनवर शिवायचं हरिबा शिंप्यानं. महिनाभरात अकरा पोशाख झाले. मग समितीनं मिरवणुकीतल्या गाडीवरचा देखावा ठरवला. तू ओळखलं असशील. बसवण्णांच्या कल्याणातलं लग्न.

चपला करणाऱ्या हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवय्यांची मुलगी. शरणांनी ते लग्न लावलं, राजाचा कोप झाला, दोन्ही बापांना त्यानं मरणाची शिक्षा दिली आणि तरी दोघांपैकी एकही बाप मागं हटला नाही. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचो. तुला तर तू चौथीत असल्यापासून. राजेश्वरला म्हणालो, एवढा देखावा सोडून काहीही सांग. तो म्हणाला, "कावून गुरुजी? तेवढंच तर आपल्यातलं लई मोठं काम हाय." बैठकीतला एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. सगळ्या गावाला माहीत आहे कावून ते. वर राजेश्वरनं साळसूदपणे आणखी एक सांगितलं, मुलीचा बाप म्हणून गाडीवर तुम्हीच उभे राहा, दाढी पांढरी हाय, शोभाल. मी बघतो म्हणून उठलो आणि घरी येऊन बुलबुलतरंगाची चांगली चालणारी दोन बटणं काढून टाकली.

तो दिवस तुला आठवतोच, पण मला काय आठवतं तेही तू ऐक. तू औरंगाबादहून सुटी काढून आली होतीस. चहासुद्धा झाला नव्हता. मुलगा कंपनीत मशीनवर आहे, त्याचे आईवडील दर हंगामाला कड्याच्या कारखान्यावर ऊस तोडायला जातात, आपल्यातला नाही आणि मी त्याच्याशी लग्न करणार आहे, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मी ओरडलो. तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, अप्पा, हरळय्यांची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना? आणि मी काय म्हणालो? ते बाराव्या शतकात, इथं एकोणीसशे चौऱ्याण्णव चालू आहे! त्यावर तुला हसू फुटलं, मला हसू आलं नाही याचा मला आणखी राग आला, आणि मग मी ते दाराबद्दलचं बोललो. पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणालो. चित्रकलेचा तास असता तर रबरानं खोडलं असतं. तू पिशवी उचललीस आणि मी तुला स्टँडपर्यंत सोडायलाही आलो नाही. साडेचारची गाडी त्या दिवशी उशिरा आली, तू तासभर उन्हात उभी होतीस, हे मला मागाहून कळलं. ते मला अजून टोचतं.

पुढच्या दिवाळीत तू लग्नाचा फोटो पाठवलास. मी पाकीट फोडलं नाही. तुझ्या आईनं फोडलं आणि फोटो आरशाच्या मागं खोचून ठेवला. मी तो पाहिलेला नाही, असं या घरात मानलं जातं. आता खरं लिहितो. देखावा ठरला त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी आई दळण आणायला गेली असताना मी तो काढला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेन्सिलीनं चौकोन आखले, पोरांना चित्र मोठं करायला शिकवायचो तसे. तुझी उंची पाच फूट एक इंच. बारावीपर्यंत तुझे सगळे कपडे मीच बेतले, त्यामुळे त्यात चूक नाही. त्या मापानं तुझ्या शेजारी उभ्या मुलाचा खांदा किती, बाही किती, छाती अंदाजे किती, सगळं काढलं. हे मी कशासाठी करतोय असं मला कुणी विचारलं असतं तर नवरदेवाच्या बाराबंदीसाठी एक चांगला नमुना हवा, एवढंच सांगितलं असतं. हात चालू होते, आणि मी त्यांना काही विचारलं नाही.

मागच्या रविवारी मठाच्या सभागृहात ट्रायल होती. नवरदेव म्हणून राजेश्वरचा पुतण्या अमरनाथ, अकरावीतला, अगदी काडी. बसवण्णांचं उपरणं ठीक, अक्कमहादेवी ठीक, मग अमरनाथनं बाराबंदी चढवली आणि सगळं सभागृह हसायला लागलं. खांदे दंडावर उतरलेले, बाहीतून बोटांची टोकंसुद्धा दिसेनात, बंद ओढून बांधले तरी पोटात उशी मावेल एवढी जागा. पोरगं बिचारं दोन्ही हात पसरून गोल फिरलं, तसे लोक आणखी हसले. हरिबा जवळ आला, खांद्याची शिवण चिमटीत धरून बघितली आणि मला म्हणाला, "शिवशरण, चाळीस वर्सं झाली, तुझं माप कधी चुकलं न्हाई. ह्ये कुनाचं घेतलंस बे?" चूक झाली, चूक झाली, एवढंच म्हणत राहिलो. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही, पण थांबलं. तुझी आई नवरीच्या लुगड्याचे काठ टाचत बसली होती. ती उठली, तिनं अमरनाथच्या अंगातून बाराबंदी काढून घेतली, नीट घडी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही घरची हाय. त्याला दुसरी शिवा."

घरी येताना ती पुढं आणि मी मागं. बाजारापाशी आल्यावर न वळता ती म्हणाली, "खांदा बसंल. बाही अर्धा इंच आखूड हाय." मी भर रस्त्यात उभा राहिलो. मागून जीपवाला हॉर्न वाजवत होता. तुला काय माहीत, असं मी विचारायच्या आत ती म्हणाली, "दोनदा जाऊन आले. बहिणीकडं उदगीरला गेलते म्हनून सांगितलं त्ये खोटं. चहा बरा करतो त्यो." आणि दूध तापवायचं आहे म्हणून झपाझप निघून गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला कधी खोटं सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. राग यायला हवा होता. मला हेवा वाटला, रुद्राणी. दोनदा! तुझं घर तिनं पाहिलं, तू स्वयंपाकघरात कुठं उभी राहतेस ते तिला माहीत आहे, आणि मी ट्रेसिंग पेपरवर चौकोन मोजत बसलो होतो. बाही का चुकली तेही मग लक्षात आलं. फोटोत साडीनं तुझी पावलं झाकली आहेत, तू उंच टाचांच्या चपला घातल्या असणार, आणि मी टाचांसकट पाच फूट एक धरलं. आई म्हणते, घातल्या होत्या.

आता मी कशासाठी बसलो होतो ते लिहितो, नाहीतर पुन्हा उठून फेऱ्या मारायला लागेन. त्या दिवशी मी चुकलो. नुसता रागाच्या भरात बोललो असं नाही, मनापासून बोललो आणि मनापासूनच चुकलो. तू मला माफ करावंस असं वाटतं, पण ते तुझ्या मनावर आहे. मधुवय्या म्हणून गाडीवर मी उभा राहणार नाही, राजेश्वरला काल सांगून आलो. ज्यानं लेकीच्या लग्नापायी जीव दिला, त्याचं उपरणं मी कोणत्या तोंडानं घेऊ? मी तर तुला स्टँडपर्यंत सोडायलाही आलो नाही. हरिबा उभा राहील, त्याला हौस आहे. अमरनाथची नवी बाराबंदीही झाली, तेव्हा मिरवणुकीसाठी कुणी यायची गरज नाही. तुम्ही दोघं घरी या. अक्षय तृतीयेच्या मिरवणुकीआधी या, नंतर या, पण या. माप मात्र लिहून पाठवू नकोस, लांबून घेतलेल्या मापाचं काय होतं ते सगळ्या सभागृहानं पाहिलं. बाहीत दुमडलेलं कापड आहे, ते मी उसवून मोकळं ठेवलं आहे. औरंगाबादची सकाळची गाडी साडेअकराला चौसाळ्यात येते. काल आणि आज मी सहज म्हणून स्टँडवर जाऊन आलो, उद्याही जाईन, पत्र अजून पेटीत पडलेलं नाही हे ठाऊक असूनही. शहादेवरावांना माझा निरोप दे. म्हणावं, बाहीला कच्चेच टाके घातले आहेत, पक्के घालायला तुम्ही समोर उभे पाहिजेत.

तुझाच,
अप्पा